नाक वर केलं म्हणजे विमान वर जातं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं आणि ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "दादा, विमान वर न्यायला पायलट स्टिक मागे ओढतो आणि वेग वाढवायला ॲक्सिलरेटर देतो. एवढंच ना?"

मलाही बीटेक होईपर्यंत असंच वाटायचं. हॉस्टेलवर फ्लाइट सिम्युलेटर खेळायचो. रनवे समोर दिसतोय, विमान जरा खाली चाललंय, म्हणून मी स्टिक मागे ओढायचो. विमान क्षणभर वर उचलायचं, मग वेग पडायचा आणि रनवेच्या अलीकडे धप्प. पुन्हा ओढायचो, पुन्हा धप्प. सिम्युलेटरमध्ये रीस्टार्टचं बटण असतं. खऱ्या विमानात नसतं, आणि आजचा भाग त्याच्यावरच आहे.

आधी आप्पांचं उत्तर

दिवाळीत धावड्याला घरी गेलो होतो. हे सगळं आप्पांना सांगायला बसलो. नाकाला पिच म्हणतात, इंजिनाच्या जोराला पॉवर म्हणतात, वगैरे. आप्पा म्हणाले, "अरे, हे तर दारं धरण्यासारखंच झालं की."

ज्यांनी कधी दारं धरली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. ठिबक यायच्या आधी आमच्याकडे मिरचीला पाटाने पाणी द्यायचो. विहिरीवर मोटर चालू, पाटातून पाणी येतंय आणि तुम्ही फावडं घेऊन उभे. एका वाफ्याचं दार बंद करायचं, दुसऱ्याचं उघडायचं. फावड्याने पाणी वाढत नाही, फक्त वाटलं जातं. पाणी येतं ते मोटरमधून.

विमानाचेही असेच दोन वाफे समजा. एक उंचीचा, एक वेगाचा. दोन्हीत एकच पाणी, म्हणजे ऊर्जा. इंजिन ही मोटर आणि स्टिक हे फावडं. नाक वर केलं की वेगाच्या वाफ्यातलं पाणी उंचीकडे वळतं. नाक खाली केलं की उंचीतलं वेगाकडे. आणि हवेचा विरोध म्हणजे पाटातून सतत झिरपून जाणारं पाणी. तेवढं तरी मोटरने भरून काढावंच लागतं.

मी म्हटलं, "आप्पा, आणि मोटर बंद असताना नाक वर करत राहिलं तर?"

"मग काय, एक वाफा भरेस्तोवर दुसरा कोरडा पडणार."

अख्ख्या सेमिस्टरमध्ये मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

पायलट नेमकं करतो काय?

सेस्ना १७२ हे शिकाऊ पायलटांचं छोटं विमान घ्या. पूर्ण पॉवर देऊन नाक थोडं वर ठेवलं की ते साधारण ७४ नॉट्स वेगाने छान चढतं. आता नाक तिथेच ठेवा आणि पॉवर काढून घ्या. वेग उतरत जातो, आणि नाक तसंच धरून ठेवायला स्टिक आणखी आणखी ओढावी लागते. ५० नॉट्सच्या आसपास पंखांवरून वाहणारी हवा सुटायला लागते. याला स्टॉल म्हणतात. नाक तेच, पण पॉवर वेगळी, म्हणून निकाल उलटा.

दुसरी गंमत. विमान सरळ चाललंय, स्टिकला हात न लावता फक्त पॉवर वाढवली. गाडीसारखा वेग वाढेल असं वाटतं ना? थोड्या वेळात विमान जवळपास त्याच वेगाने वर चढायला लागतं. कारण ट्रिम ज्या वेगाला लावलेला असतो तो वेग विमान धरून ठेवतं, आणि जास्तीची ऊर्जा उंचीत जाते.

म्हणून विद्यार्थ्याला शिकवतात: नाक ठरव, पॉवर ठरव, मग आकडे बघ. दोन्ही ठरले की वेग आणि चढ-उतार आपोआप ठरतात. हे इतकं पक्कं आहे की वेगाचा काटाच बिघडला तरी याच्यावर विमान सांभाळता येतं. एअरबस ए-३२० च्या पायलटांना पाठ असतं: १०,००० फुटांच्या वर असाल तर नाक ५ अंश वर आणि क्लाइंब पॉवर. एवढं लावा, विमान सुरक्षित राहील, मग शांतपणे चेकलिस्ट उघडा.

बंगळूर, १९९०

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा भाग केला.

१४ फेब्रुवारी १९९०. इंडियन एअरलाइन्सची फ्लाइट ६०५ मुंबईहून बंगळूरला निघाली. विमान ए-३२०, आपल्याकडे नुकतंच आलेलं. आत १४६ माणसं. दुपारची वेळ, इंजिनं ठणठणीत. तरीही विमान रनवेच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आपटलं. ९२ जण गेले.

ए-३२० मध्ये इंजिनाची पॉवर कॉम्प्युटर सांभाळू शकतो, पण कशी ते मोडवर अवलंबून असतं. एका मोडमध्ये वेग इंजिन सांभाळतं, पायलटने नाकाने फक्त उतार धरायचा. दुसरा मोड ओपन डिसेंट. त्यात इंजिन आयडलवर जातं आणि वेग नाकाने सांभाळायचा असतो. म्हणजे दारं कुणी धरायची आणि मोटर कुणी बघायची, हे मोडप्रमाणे बदलतं.

त्या दिवशी विमान ओपन डिसेंटमध्ये गेलं. उतरण्याचा दर निवडायच्या ऐवजी चुकून उंचीचा नॉब फिरवला गेला असावा, अशी शक्यता चौकशीत मांडली गेली. शेवटच्या टप्प्यात विमान खाली चाललं, तसं नाक वर केलं गेलं. मोटर बंद होती! वेग ठरलेल्या १३२ नॉट्सपेक्षा सुमारे २५ नॉट्सने खाली घसरला. एका पायलटचा फ्लाइट डायरेक्टर बंद केला, पण दुसऱ्याचा चालूच राहिला, त्यामुळे वेग सांभाळणारा मोड लागलाच नाही. शेवटी पूर्ण पॉवर दिली, पण आयडलवरून जेट इंजिनाला जोर धरायला काही सेकंद लागतात. तेवढे सेकंद उरले नव्हते.

आणखी एक. ए-३२० मध्ये कॉम्प्युटर पॉवर कमी-जास्त करतो तेव्हा पायलटच्या हाताखालचे लिव्हर हलत नाहीत. मोटर बंद पडली हे हाताला कळत नाही, स्क्रीनवर वाचावं लागतं.

मला हे का खटकतं?

कारण माझं रोजचं काम हेच आहे, मोड बनवणं. एकदा मी लिहिलेली सिस्टिम टेस्ट मोडमध्येच राहिली. मला वाटलं लाइव्ह आहे. रात्रभर एकही मेसेज गेला नाही आणि स्क्रीनवर सगळं हिरवं. सकाळी शिव्या खाल्ल्या, दुपारी बग फिक्स. माझं नुकसान तेवढंच. पण "सिस्टिम बघतेय ना" हा भरवसा तोच होता. तेव्हापासून कुठल्या मोडमध्ये आहोत हे मी स्क्रीनवर सगळ्यात मोठ्या अक्षरात टाकतो.

पुढच्या वेळी विमानात बसलात, तर उतरताना कान द्या. इंजिनाचा आवाज वाढतो, कमी होतो, पुन्हा वाढतो. शेजारचे काका घाबरून खुर्ची धरतात. तुम्ही घाबरू नका. कुणीतरी मोटरवर लक्ष ठेवून आहे, त्याचाच तो आवाज आहे.

प्रश्न असतील तर नेहमीसारखे व्हॉइस नोटने पाठवा. आणि हो, आप्पांना या भागाचं क्रेडिट हवंय. दिलं!