प्रयोगशाळेत घडणारी दाढ

दाढेला कीड लागली, दंतवैद्याने ती कोरून काढली आणि पोकळीत चांदी भरून दिली, एवढाच दात भरण्याचा अर्थ दोन पिढ्यांपूर्वीच्या माणसाला ठाऊक होता. ही चांदी म्हणजे निव्वळ चांदी नव्हे. तिच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग पारा असतो. पाऱ्यात चांदी, कथील व तांबे यांची पूड घोटली म्हणजे मऊ लगदा होतो आणि तो दाबून भरल्यावर थोड्या वेळात आवळून येतो. शंभराहून अधिक वर्षे या मिश्रणाने इमानाने चाकरी केली. परंतु ते काळे पडते, दाताला स्वतःहून चिकटत नाही, आणि पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाल्यापासून त्याचे दिवस भरत आले आहेत.

दाताच्या रंगाचे आणि दाताला धरून राहणारे द्रव्य हाती आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेतील मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखविले की, दाताच्या वरच्या कठीण कवचावर, म्हणजे दंतवल्कावर, फॉस्फरिक आम्ल अर्धा मिनिट ठेवून धुऊन टाकले असता तो पृष्ठभाग खरखरीत होतो व त्यावर रेझीन पक्की पकड घेते. ही युक्ती कारखान्यांतून आली होती. धातूच्या पत्र्यावर रंग नीट बसावा म्हणून तेथे हेच आम्ल वापरीत. त्यापाठोपाठ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील राफाएल बोवेन यांनी एक नवे रेझीन सिद्ध केले व १९६२ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. अशा रेझिनात काचेची वा क्वार्ट्झची अतिसूक्ष्म पूड मिसळली की कॉम्पोझिट तयार होते. गवंडी चुन्यात खडी घालतो, त्यातलाच हा प्रकार. खडी ओझे सोसते आणि चुना तिला धरून ठेवतो. कण रेझिनापासून सुटू नयेत म्हणून प्रत्येक कणावर सिलेन या दुवा साधणाऱ्या रसायनाचा लेप आधीच दिलेला असतो.

इतके सगळे साधूनही कॉम्पोझिटची एक खोड कायम राहिली. घट्ट होताना ते आकसते. त्याचे सुटे रेणू एकमेकांत गुंफले जातात, जवळ ओढले जातात, आणि आकारमानात शेकडा दोन-तीन भागांची घट येते. ही घट ऐकावयास क्षुल्लक वाटते. परंतु ज्या द्रव्याने पोकळीच्या चारही भिंती धरून ठेवल्या आहेत तेच आकसू लागले, तर एक तर त्या भिंती आत ओढल्या जातात, नाही तर कुठेतरी पकड सुटते. बहुधा ती हिरडीलगतच्या तळाशी सुटते. तेथे दंतवल्क विरळ असते. मग थंड पाणी लागताच कळ येते, घास चावताना दाढ ठणकते, आणि केसाएवढ्या फटीतून कीड पुन्हा आत शिरते. लहान पोकळीत दंतवैद्य दोन-दोन मिलिमीटरचे थर देऊन ही खोड काबूत ठेवतो. सहाव्या वर्षी आलेली, निम्मीअधिक झिजलेली, भिंती पातळ झालेली मोठी दाढ समोर आली म्हणजे मात्र थरांची युक्ती अपुरी पडते.

तेव्हा विचार असा निघाला की, द्रव्य आकसणारच असेल तर ते तोंडाबाहेर आकसू द्यावे, आणि आकसणे पुरे झाल्यावर तयार तुकडा दाढेत बसवावा. बाहेर घडवून आत बसविण्याची कल्पना नवी नव्हे. मेणाचा नमुना करून, त्याभोवती साचा बांधून, मेण वितळवून त्या जागी सोने ओतण्याची रीत विल्यम टॅगर्ट यांनी १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या दंतवैद्यांपुढे मांडली. आपल्याकडे बस्तरचे घडवे याच तत्त्वाने पितळी हत्ती-घोडे ओतीत आले आहेत. सोन्याच्या जागी कॉम्पोझिट आले, एवढाच येथे फरक. पण या फरकाने कारागिराचे काम पार पालटले.

आरंभ दंतवैद्याच्या खुर्चीपाशीच होतो. पोकळी फुलपात्रासारखी, वर किंचित रुंद होत गेलेली कोरावी लागते. ती लोट्यासारखी आत फुगीर राहिली तर घट्ट झालेला तुकडा आत जाणारच नाही. नंतर रबरासारख्या द्रव्याने माप घेतात, समोरच्या दातांचेही घेतात, पोकळी तात्पुरती बुजवितात आणि रंगपट्टीशी ताडून रंगाची खूण लिहून देतात. हे ताडणे प्रथमच उरकावे लागते, कारण तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात सुकतो व आहे त्याहून पांढरा दिसतो.

प्रयोगशाळेत मापात कठीण जातीचे प्लास्टर ओततात. पाणी मोजून घ्यावयाचे, मिश्रण थरथरत्या चौथऱ्यावर धरून सावकाश उतरवावयाचे. एक बुडबुडा राहिला तरी दगडी दाढेला खळगा पडतो. साचा सुकल्यावर ती एक दाढ करवतीने सुटी करतात, पोकळीची कड भिंगाखाली पेन्सिलीने आखतात, आणि आतून एक पातळ रोगण लावतात. या रोगणाएवढी जागा पुढे सिमेंटसाठी मोकळी राहते. कडेला मात्र त्याचा थेंबही लागू द्यावयाचा नाही; तेथे तुकडा दाताला भिडलाच पाहिजे.

आता खरी घडण सुरू होते. दाताच्या आतला भाग, म्हणजे दंतिन, पिवळसर व अपारदर्शक असतो आणि वरचे दंतवल्क दुधी, अर्धपारदर्शक. म्हणून एका रंगाचा गोळा थापून भागत नाही. तळाशी गडद थर, त्यावर फिका, खाचांत तपकिरी रंगाची पुसट रेघ, शेवटी दंतवल्काचा झिरझिरीत थर. प्रत्येक थरावर निळा प्रकाश सोडतात. द्रव्यात कापराच्या कुळातले कॅम्फरक्विनोन असते. सुमारे ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषून ते गुंफणीला चालना देते. साध्या दिव्याच्या उजेडातही हळूहळू तेच घडते, म्हणून न वापरलेले द्रव्य नारिंगी झाकणाखाली ठेवतात. दाढेचे उंचवटे समोरच्या दाढेच्या खळग्यांत कसे उतरतात, हे कारागीर जबड्याची चाल दाखविणाऱ्या बिजागरीच्या चौकटीत पुनःपुन्हा मिटवून पाहतो.

एवढ्याने घडण पुरी होत नाही. प्रकाश दिल्यावरही रेझिनाचा बराच भाग गुंफला जायचा राहतो. तोंडात यापुढे काही करता येत नाही; भट्टी तोंडात नेता येत नाही, हे सांगणे नको. प्रयोगशाळेत मात्र तुकडा शंभर अंशांच्या वर तापवून उरलेले रेणू पुष्कळसे बांधून घेता येतात. हवेतला प्राणवायू पृष्ठभाग चिकट ठेवतो, म्हणून काही पद्धतींत हे तापविणे दाबाखालच्या नायट्रोजनमध्ये होते. मग कड घासणे, खाचा साफ करणे, ब्रशाने व हिऱ्याच्या लेपाने चकाकी आणणे. आतली बाजू मात्र मुद्दाम ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक वाळू मारून खरखरीत करतात. बसविताना दाढ कोरडी राखून रेझिनाचे सिमेंट लावले की तोंडात आकसावयास उरतो तो सिमेंटचा पातळ पापुद्राच.

इतक्या खटाटोपाचे फळ किती? चिनी मातीच्या तुकड्याच्या मानाने हा लवकर झिजतो. हळद, चहा आणि पान यांचे डाग त्यावर चढतात. सुपारी फोडणाऱ्याच्या दाढेत त्याची कड तुटू शकते. उलट तुटलेली कड तोंडातच डागडुजी करून पुन्हा भरता येते, आणि समोरचा दात तो फारसा झिजवीत नाही. थेट दाढेत भरलेल्या कॉम्पोझिटपेक्षा हा हमखास अधिक टिकतो, असे तुलनात्मक पाहण्यांतून सिद्ध झालेले नाही. तेव्हा लहानशा पोकळीसाठी त्याचा हट्ट धरणे म्हणजे रुग्णाच्या खिशाला भार. आज यंत्राने माप टिपून तयार ठोकळ्यातून तो कोरून काढण्याची सोयही झाली आहे. तरी पोकळी कशी कोरली आणि कड मापात स्पष्ट उतरली की नाही, या दोन गोष्टींवाचून त्या यंत्राचेही काही चालत नाही.

भारतात १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने या कारागिरांच्या, म्हणजे डेंटल मेकॅनिकांच्या, नोंदणीची तरतूद केली. त्यांच्यापैकी बहुतेकांना रुग्णाचे तोंड कधी दिसत नाही. दिसते ते प्लास्टर आणि चिठ्ठीवरची रंगाची खूण. माप काढताना हिरडीलगत रबर फाटले, तर तेथली कड साच्यावर अस्पष्ट उमटते. अशा वेळी अंदाजाने रेघ ओढून काम उरकणे सोपे असते. कच्चेपणा कळावयास वर्ष-दोन वर्षे जातात आणि बोल दंतवैद्याला लागतो. जाणता कारागीर तसे न करता साचा परत पाठवितो आणि नवे माप मागतो. रुग्णाला आणखी एक फेरी पडते, दंतवैद्य थोडा कुरकुरतो, आणि तात्पुरते सिमेंट पुन्हा एकदा उकरले जाते.