घोडा जुंपणे, घोडा सोडणे

मुलांनो, शेतात बैलांची जोडी जुंपताना तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. शेतकरी बैलांच्या मानेवर लाकडी जू ठेवतो. जुवाला भोके असतात. त्यांत तो शिवळा म्हणजे लाकडी दांड्या घालतो. मग बैलाच्या मानेखालून जोते नावाचा पट्टा घेतो आणि तो शिवळेला अडकवतो. झाले, बैल जुंपला गेला. बैलाच्या खांद्यावर वशिंड असते. बैल चालू लागला की जू वशिंडाला टेकते आणि बैल त्याला रेटा देतो. मानेखालच्या जोत्यावर ओझे पडत नाही. जू उडून जाऊ नये एवढेच त्याचे काम.

आता हेच जू घोड्याच्या मानेवर ठेवा. प्रत्यक्षात नको, मनातल्या मनात! घोड्याला वशिंड नाही. त्याची मान सरळ वर चढत जाते. घोडा पुढे निघाला की जू मागे राहते आणि मानेखालचा पट्टा त्याच्या गळ्यावर आवळला जातो. तेथेच त्याची श्वासनळी आहे. जितका जोर लावावा, तितका श्वास कोंडणार. अशा घोड्याने गाडी ओढायची तरी कशी?

म्हणून घोड्यासाठी वेगळा साज तयार करावा लागला. साज म्हटला की तुम्हांला काही शब्द लगेच आठवतील : लगाम, जीन, तंग, चाबूक, नाल. हे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले आणि इथलेच झाले. उर्दूतला ‘रकाब’ मराठीत ‘रिकीब’ झाला, एवढाच काय तो फरक. तेव्हा या पाठात तुम्ही अगदीच परक्या गावात नाही. ‘बक्कल’ हा शब्द मात्र इंग्रजीतून आला आहे, आणि या पाठात तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

घोडा जुंपण्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात घोड्याच्या छातीवरून एक रुंद पट्टा आडवा जातो. घोडा छातीने तो पट्टा रेटतो आणि गाडी ओढली जाते. चीनमध्ये ही पद्धत इसवी सनापूर्वीच रुळली होती. हलक्या गाडीला हा पट्टा पुरतो. ओझे जड असेल, तर दुसरा प्रकार लागतो. त्यात घोड्याच्या गळ्यात चामड्याची जाड, लंबगोल गादी असते. तिला कॉलर म्हणतात. आत गवताचा पेंढा ठासून भरलेला असतो. नाव गळ्याचे असले, तरी ही गादी गळ्यावर टेकत नाही. ती दोन्ही खांद्यांवर टेकते. श्वासनळी मोकळी राहते आणि घोडा सगळ्या अंगाचा भार पुढे टाकून ओढू शकतो. ही कॉलरही प्रथम चीनमध्ये दिसते, सुमारे पाचव्या शतकात. युरोपात ती नवव्या-दहाव्या शतकापर्यंत पोहोचली. त्यानंतर तेथे जड नांगराला बैलांऐवजी घोडे जुंपता येऊ लागले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. लफेव्र दे नोएत नावाच्या एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने १९३१ मध्ये एक मोठा ग्रंथ लिहिला. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकांचा साज घोड्याचा गळा आवळत असे, म्हणून त्यांच्या घोड्यांना जड ओझे ओढता येत नसे, असे त्याने मांडले. ही गोष्ट कित्येक वर्षे पुस्तकांतून जशीच्या तशी सांगितली गेली. पुढे १९७० नंतरच्या दशकात झाँ स्प्रुइट या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थाने जुन्या चित्रांवरून आणि शिल्पांवरून तसा साज स्वतः तयार केला, खरे घोडे जुंपले आणि गाडी हाकली. घोडे गुदमरले नाहीत. पट्टे नीट जागी बांधले, की जुना साजही ठीक चालत होता. मला या दोघांत दुसरा अधिक आवडतो. त्याने वाद घातला तो घोडा जुंपून!

पट्टे ‘नीट जागी’ राहणे हेच मोठे काम आहे. ते काम करतात बक्कले, कड्या, आकडे आणि खटके. घोडा दिसतो, गाडी दिसते, झुलणारे गोंडेही दिसतात. बक्कल कोणी पाहत नाही. पण ते निसटले, तर उतारावरची गाडी घोड्याच्या पायांवर येईल आणि आत बसलेली माणसे रस्त्यावर.

कॉलर गळ्यात कशी घालतात, ते पाहू. घोड्याचे डोके डोळ्यांपाशी रुंद असते आणि कॉलर वरच्या बाजूला अरुंद, खालच्या बाजूला रुंद असते. सरळ घालू गेले, तर ती डोक्यावर अडकते. म्हणून माणसे ती उलटी धरतात, रुंद बाजू वर करून डोक्यावरून आत सारतात आणि डोक्यामागे मान जेथे सर्वांत बारीक असते तेथे तिला गरकन फिरवून सुलटी करतात. सगळेच घोडे हे सहन करीत नाहीत. काही डोके झटकतात, काही बिथरतात. त्यांच्यासाठी वरून उघडणारी कॉलर असते. ती खालून मानेभोवती घ्यायची आणि वर पट्ट्याने व बक्कलाने बांधायची.

कॉलर बसली का, हे हाताने पाहतात. गादीची खालची कड आणि घोड्याचा गळा यांच्यामध्ये तळहात सपाट सरकला पाहिजे. सरकला नाही, तर कॉलर लहान आहे, श्वास अडेल. फारच सैल सरकला, तर ती मोठी आहे. चालताना हलेल आणि खांद्याची कातडी सोलून काढील. म्हणूनच एका घोड्याची कॉलर दुसऱ्याच्या गळ्यात सहसा घालत नाहीत. तुमची चप्पल तुमच्या भावाला कितीदा बरोबर बसते?

पण कॉलर ही नुसती गादी. तिला दोरी बांधून ओढले, तर ती वाकडी होईल. म्हणून तिच्या कडेच्या खाचेत दोन्ही बाजूंना एकेक वाकडी दांडी बसवतात. दांडी लाकडाची किंवा धातूची असते. दोन्ही दांड्या वरच्या टोकाला पट्ट्याने आणि खालच्या टोकाला पट्ट्याने किंवा साखळीने एकमेकींना आवळून बांधतात. गाडी ओढणारे लांब पट्टे या दांड्यांना जोडलेले असतात. घोडा खांद्याने गादी रेटतो, गादी दांड्यांना, दांड्या पट्ट्यांना आणि पट्टे गाडीला ओढतात. पट्टे दांडीला कोठे जोडले आहेत, यालाही महत्त्व आहे. फार वर जोडले, तर ओढ श्वासनळीकडे जाते. फार खाली जोडले, तर खांद्याच्या सांध्यावर येते आणि घोड्याला पाऊल पुढे टाकता येत नाही.

आता कल्पना करा, दांड्यांना बांधणारा खालचा पट्टा सुटला. दांड्या खाचेतून बाहेर निघतील. सगळी गाडी ज्या बिंदूवर घोड्याला जोडली आहे, तोच बिंदू नाहीसा होईल. एका वितीएवढ्या पट्ट्यावर इतके अवलंबून असते.

हा पट्टा धरून ठेवते ते बक्कल. तुमच्या दप्तराला किंवा कमरेच्या पट्ट्याला बक्कल असेल, तर ते समोर घ्या आणि पुढचे वाचा. बक्कलाला एक चौकट असते, एक दांडा असतो आणि त्या दांड्याभोवती फिरणारा एक काटा असतो. काटा पट्ट्याच्या भोकातून वर येतो आणि चौकटीवर टेकतो. आता पट्टा ओढा. काटा चौकटीवर आणखी घट्ट दाबला जातो. म्हणजे ओढ जितकी जास्त, तितकी पकड पक्की. हे बक्कलाचे सौंदर्य. आता पट्टा तसाच ताणलेला ठेवून काटा सोडवून पाहा. सुटत नाही ना? काटा सोडवायचा, तर पट्टा आधी आणखी थोडा ओढावा लागतो. तेव्हा कोठे काटा चौकटीवरून उठतो.

घोडा शांत उभा असताना यात काहीच अडचण नाही. पण घोडा पडला तर? पावसाळ्यात गुळगुळीत रस्त्यावर घोडा घसरतो. गाडीच्या दांड्यांमध्ये तो अडकतो. सगळे पट्टे तारेसारखे ताणले जातात. त्यांच्या खाली चारपाचशे किलो वजनाचा घाबरलेला प्राणी धडपडत असतो. अशा वेळी जाणता गाडीवान प्रथम घोड्याचे डोके जमिनीवर दाबून धरायला सांगतो. हे निर्दयपणाचे वाटते, पण तसे नाही. घोड्याला उठायचे असले, की तो आधी डोके वर उचलतो. डोके खाली राहिले, तर तो पाय झाडत नाही आणि स्वतःला जखमी करून घेत नाही. तेवढ्यात दुसरा माणूस पट्टे सोडवतो आणि गाडी मागे ढकलतो. पण ताणलेले बक्कल सुटत नाही, हे आपण आताच पाहिले. म्हणून गाडीवान जवळ धारदार चाकू ठेवत. पट्टा पुन्हा शिवता येतो.

ताण असतानाही चटकन सुटेल असे काही करता येईल का? एकोणिसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, अनेक कारागिरांनी याच प्रश्नावर डोके चालवले. त्यातून तरफेच्या कड्या निघाल्या. तशी कडी तुम्ही रोज हाताळता. पुडाच्या जेवणाच्या डब्याला बाजूला जी कडी असते, ती आठवा. तिचा कान खाली दाबला, की एका ठिकाणापर्यंत जोर लागतो आणि मग ती आपोआप ‘खट्’ करून बसते. एकदा ती जागा ओलांडली, की डब्याचा ताणच तिला बंद ठेवतो. उघडताना मात्र कान उलट उचलायचा. ताण कमी करत बसायची गरज नाही. दांड्यांच्या टोकांना अशी कडी लावली, की एका हाताने घोडा बांधता येतो आणि एका हाताने सोडवता येतो.

झटपट जुंपण्याची सर्वांत जास्त निकड होती ती आगीच्या बंबांना. त्या काळी बंब घोडेच ओढत. मुंबईतही तसेच होते. आगीची घंटा झाल्यावर घोड्याला एकेक पट्टा बांधत बसले, तर इकडे घर जळून जायचे. म्हणून काही ठिकाणी घोडे रात्रंदिवस साज घालूनच उभे ठेवत. त्याने वेळ वाचे, पण घोड्यांना घाम येई, कातडी फाटे, खांदे सुजत. त्या घोड्यांवर शहर किती अवलंबून होते, हे १८७२ मध्ये बॉस्टनला कळले. तेव्हा अमेरिकेत घोड्यांमध्ये तापाची मोठी साथ पसरली होती. नोव्हेंबरात बॉस्टन शहरात भयंकर आग लागली आणि बंब माणसांना हातांनी ओढत न्यावे लागले. शहराचा मोठा भाग जळाला.

पुढे अमेरिकेतल्या अग्निशमन दलांनी एक नामी युक्ती केली. साज घोड्याच्या अंगावर न ठेवता त्यांनी तो बंबाच्या पुढे छताला टांगला. कॉलर एकसंध न ठेवता दोन भागांची केली. वर बिजागरी, खाली स्प्रिंगचा खटका. घंटा वाजली, की घोड्यांच्या ठाणाची दारे उघडत. शिकवलेले घोडे स्वतःच धावत येऊन टांगलेल्या साजाखाली उभे राहत. शिपाई दोरी ओढी, साज पाठीवर उतरे, कॉलर गळ्याभोवती मिटे, खटका बसे, लगामाचे आकडे अडकत आणि बंब दाराबाहेर पडे. सारे काही सेकंदांत. कॅन्सस सिटी शहराच्या दलाचे प्रमुख जॉर्ज हेल यांनी असा साज बनवला. १८९३ मध्ये लंडनला अग्निशमन दलांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा ते आपले पथक घेऊन तेथे गेले आणि घोडे जुंपून दाखवले. घोड्यांच्या दृष्टीने पाहिले, तर यात आणखी एक सुख होते. आता आगीची वाट पाहताना त्यांना उघड्या अंगाने निवांत उभे राहता येत होते.

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिच्यासाठी कंपनीने सुमारे ९०० घोडे पाळले होते. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली. टांगे आणि व्हिक्टोरिया गाड्या मात्र पुढे कित्येक वर्षे चालल्या. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतील हौसेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. त्यात घोड्यांच्या हालांचा विचार मुख्य होता.

आज परदेशात घोडागाडीच्या शर्यती होतात, तेथे पट्ट्यांच्या टोकांना शिडाच्या नावांवर वापरतात तसले खटके लावतात. छोटी दोरी ओढली, की कितीही ताण असला तरी खटका उघडतो. पट्टेही पुष्कळदा चामड्याऐवजी नायलॉनचे असतात. ते घामाने कुजत नाहीत. पण चामड्याचा एक गुण त्यांच्यात नाही : चामडे तुटण्याआधी सांगते. प्रथम ते बक्कलाच्या वळणावर कोरडे पडते, मग तेथे बारीक भेगा दिसू लागतात. ते पुसून त्याला वेळच्या वेळी तेल दिले, तर अनेक वर्षे टिकते.

तुमच्या गावात एखादा टांगा असेल किंवा वरातीला घोडा येईल, तेव्हा मालकाची परवानगी घेऊन त्याच्या साजाकडे जवळून पाहा. घोड्याच्या मागे उभे राहू नका. खांद्याशेजारी उभे राहा. गाडीला जुंपलेल्या घोड्याच्या डोक्यावरचा लगाम किंवा झापडे कधीही काढू नका. मागची गाडी एकदम दिसली, तर तो बुजून उधळेल. मग बक्कले पाहा. पट्ट्याचे मोकळे टोक शेजारच्या चामडी कडीत खोचलेले आहे का? बक्कलाखाली चामड्याचा तुकडा आहे, की धातू थेट कातडीवर घासतो आहे? शेवटी पट्ट्याची भोके पाहा. नवे भोक गोल असते. रोजच्या ओढीने ते हळूहळू लांबट होत जाते. ज्या भोकात काटा बसला आहे ते लांबट झालेले दिसले, तर मालकाला तेवढे सांगा. पट्टा तुटेल तो तेथेच.