दहा टक्क्यांचा हिशेब

2003 मध्ये सद्दाम हुसेनची राजवट कोसळल्यावर संयुक्त राष्ट्रांनी इराकला माल पुरवणाऱ्या कंपन्यांना सांगितलं, करारातल्या किमतीतून दहा टक्के कमी करा. अनेक कंपन्यांनी फारशी घासाघीस न करता ते कमी केले. कोट्यवधींच्या करारातले दहा टक्के इतक्या मुकाट्याने सुटतात, तेव्हा ते आधी कोणाच्या खिशात जाणार होते हे वेगळं सांगावं लागत नाही.

‘अन्नासाठी तेल’ ही योजना चांगल्या हेतूने जन्मली होती. कुवेतवरच्या आक्रमणानंतर इराकवर निर्बंध आले, आणि त्यांची झळ बसली ती तिथल्या पोराबाळांना. एप्रिल 1995 मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव केला : इराकने तेल विकावं, पैसा संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कमधल्या बँक खात्यात यावा आणि त्यातून अन्न-औषधं घ्यावीत. डिसेंबर 1996 मध्ये तेल वाहू लागलं. पीठ, तांदूळ, साखर, चहा, डाळ, साबण असं रेशन घरोघर पोचलं. 2003 पर्यंत सुमारे 64 अब्ज डॉलरचं तेल विकलं गेलं. मात्र तेल कोणाला विकायचं आणि माल कोणाकडून घ्यायचा, हे ठरवण्याचा हक्क इराकी सरकारने वाटाघाटीत स्वतःकडे ठेवून घेतला होता. पाणी मुरलं ते इथेच.

2000 च्या उत्तरार्धात तेलाच्या प्रत्येक पिंपामागे काही सेंट छुपा अधिभार सुरू झाला. माल विकणाऱ्यांकडून ‘विक्रीपश्चात सेवा’ या नावाखाली दहा टक्के घेतले जाऊ लागले. आपल्याकडे ठेकेदारीत ज्याला टक्केवारी म्हणतात, तीच ही. फरक इतकाच की इथे बिल भरलं जात होतं उपाशी देशाच्या स्वतःच्या तेलाच्या पैशातून.

गव्हाचं उदाहरण मला विसरता येत नाही. ऑस्ट्रेलियाचं गहू मंडळ इराकला सर्वाधिक गहू पुरवणाऱ्यांपैकी एक. त्याच्या करारांत बंदरापासून देशभर गहू पोचवण्याचं ट्रकभाडं धरलेलं असे. ते भाडं जॉर्डनमधल्या ‘आलिया’ नावाच्या वाहतूक कंपनीला जाई. आलियाने त्या गव्हाचं एक पोतंही वाहिलं नव्हतं. तिच्यात इराकच्या वाहतूक मंत्रालयाची भागीदारी होती आणि पैसा तिथून थेट बगदादला जात होता. एकूण रक्कम भरली 22 कोटी डॉलरच्या घरात. सगळ्यात बोचतं ते पुढचं. जानेवारी 2000 मध्येच कॅनडाने संयुक्त राष्ट्रांकडे विचारणा केली होती, की आमच्याकडे असं भाडं मागितलं जातंय, ऑस्ट्रेलियावाले ते देतात का? संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्याने ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधींना विचारलं, त्यांनी गहू मंडळाला विचारलं, मंडळ नाही म्हणालं. चौकशी तिथेच संपली. ज्याच्यावर संशय, त्याच्याच शब्दावर फाइल बंद.

करारांना मंजुरी देणाऱ्या समितीत सुरक्षा परिषदेचे पंधराही देश होते. क्लोरीन किंवा पंप शस्त्रांसाठी वापरले जातील का, याची छाननी कसून व्हायची, त्यापायी करार महिनोन् महिने अडकायचे. गव्हाची किंमत अशी का, हा प्रश्न मात्र मागे पडायचा. तेलाच्या बाबतीत 2001 मध्ये अमेरिका-ब्रिटनने वेगळा आग्रह धरला : दर माल उचलल्यावर ठरवायचा. मधल्या दलालांना उरणारा फायदाच आटला, आणि 2002 च्या शरदात अधिभार थांबला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात लाचेला खरा पायबंद घालणारा उपाय हा एवढाच. त्याची किंमतही मोजावी लागली, कारण तेलाची विक्री घटली आणि मदतीचा पैसाही.

जानेवारी 2004 मध्ये बगदादच्या ‘अल मदा’ या दैनिकाने तेलवाटपाच्या लाभार्थींची यादी छापली आणि पॉल व्होल्कर यांची चौकशी समिती नेमली गेली. ऑक्टोबर 2005 च्या अंतिम अहवालात छुप्या वसुलीचा आकडा होता 1.8 अब्ज डॉलर, आणि 2,200 हून अधिक कंपन्यांची नावं. भारतात त्या अहवालाने परराष्ट्रमंत्री नटवर सिंह यांचं पद घेतलं. त्यांनी आरोप नाकारले. न्या. पाठक चौकशीलाही त्यांनी पैसे घेतल्याचा पुरावा मिळाला नाही, पण करार मिळवून देण्यात पदाचा प्रभाव वापरल्याचा ठपका तिने ठेवला.

संयुक्त राष्ट्रांनी त्यानंतर पावलं उचलली. डिसेंबर 2005 मध्ये गैरव्यवहार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यांना संरक्षण देणारा नियम आला, 2006 मध्ये नीतिमत्ता कार्यालय उघडलं. खरेदी व्यवहार तपासणारं विशेष पथकही नेमलं गेलं. खरेदी विभागातला एक भारतीय अधिकारी त्याच काळात, 2007 मध्ये, लाचेच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरला. पथक कामाला लागलं होतं. तरी काही सदस्य देशांच्या विरोधामुळे 2008 अखेर ते मोडीत निघालं. मला हे अक्षम्य वाटतं.

देखरेखीतली ढिलाई पुढेही दिसली. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या प्रकल्प सेवा कार्यालयाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. त्यांच्या कार्यालयाने जवळपास 6 कोटी डॉलर एकाच कुटुंबाशी जोडलेल्या कंपन्यांत गुंतवले होते. त्यातले 2 कोटी 20 लाख तोपर्यंत बुडीत खात्यात गेले होते.