धूर आधी गावाला दिसतो

३० सप्टेंबर २०२४ ची बातमी अजून माझ्या मनातून जात नाही. रोहतांगच्या पलीकडे, चंद्रभागा परिसरातल्या बर्फात चार मृतदेह सापडले. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहला निघालेलं हवाई दलाचं एएन-१२ विमान खराब हवेमुळे माघारी वळलं आणि डोंगरांत नाहीसं झालं. आत १०२ माणसं होती. त्यांतले चार जण ५६ वर्षांनी आपापल्या गावी परतले. इतकी मोठी गोष्ट आपल्या वाहिन्यांवर धड एक दिवस टिकली नाही. मला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. हे मृतदेह शोधणारे लोक कोण, तिथवर कसे गेले, हे कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. डोग्रा स्काउट्सचे जवान आणि तिरंगा माउंटन रेस्क्यूची माणसं पायी चढून गेली होती. या विमानाचा पहिला मागमूस २००३ मध्ये लागला, तोही मनालीच्या गिर्यारोहण संस्थेच्या मोहिमेला. म्हणजे दोन्ही वेळा शोध लागला तो पायी गेलेल्या माणसांना.

जुन्या काळात मी फार रमणार नाही. दुसऱ्या महायुद्धात आसामहून चीनला रसद नेणारी शेकडो विमानं अरुणाचल आणि ब्रह्मदेशाच्या डोंगरांत पडली. त्यांतल्या कित्येकांचे सांगाडे जगाला ठाऊक होण्याआधी तिथल्या शिकाऱ्यांना ठाऊक होते. आपल्याकडे जुलै १९६२ मध्ये ऐन पावसाळ्यात अलितालियाचं विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं आणि ९४ माणसं गेली. अलास्कात ऑक्टोबर १९७२ मध्ये अमेरिकी संसदेतले हेल बॉग्ज आणि निक बेगिच यांचं छोटं सेसना हरवलं. ३९ दिवस शोध चालला, विमान आजतागायत सापडलेलं नाही. त्या विमानात संकटाचा संदेश पाठवणारा बीकन नव्हता.

पुढे उपग्रह आले. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या डोंगरांत पडलेल्या एका छोट्या विमानातली तीन माणसं उपग्रहाने ऐकलेल्या संदेशामुळे वाचली. ती स्वतःही दुसऱ्या एका हरवलेल्या विमानाच्याच शोधात निघाली होती. कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचं हे पहिलं यश. भारतही पुढे तिच्यात सामील झाला. बंगळुरू आणि लखनौला आपली केंद्रं आहेत.

मी जे दशक बातमीच्या टेबलावर बसून जगलो ते २००९ ते २०१९. त्याची सुरुवात अशा एका निर्णयाने झाली, जो आपल्याकडे कुणी पहिल्या पानावर छापला नाही. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ मेगाहर्ट्झवरचे जुने संदेश ऐकणं थांबवलं. कारण रास्त होतं. जुना बीकन नुसताच ओरडतो, आपण कोण हे सांगत नाही, आणि त्याचे बहुतेक इशारे खोटे निघत. ४०६ मेगाहर्ट्झचा नवा बीकन स्वतःची ओळख सांगतो, जीपीएस जोडलेलं असेल तर जागाही नेमकी सांगतो. धक्का बसला की तो आपोआप सुरू होतो. पण डोंगरावर आदळल्यावर त्याची अँटेना मोडली किंवा आगीत तार जळली, तर नवाही मुकाच राहतो. हे सगळं तेव्हाही जाणकारांना माहीत होतं.

त्याच वर्षी ९ जूनला अरुणाचलमधल्या मेचुकाहून उडालेलं हवाई दलाचं एएन-३२ रिंची डोंगरावर, हेयो गावाच्या वरच्या अंगाला कोसळलं. १३ जण गेले. सप्टेंबरमध्ये आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात हरवलं आणि सारा देश रात्रभर जागा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अवशेष दिसले. एक मुख्यमंत्री गेल्यावर तरी बीकनचा आणि शोधयंत्रणेचा प्रश्न ऐरणीवर येईल असं मला मनापासून वाटलं होतं. आठवडाभरात चर्चा वारसदार कोण यावर गेली.

मग ३० एप्रिल २०११ उजाडला. अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडू तवांगहून हेलिकॉप्टरने इटानगरला निघाले. बरोबर चार जण होते. सेला खिंडीच्या आसपास संपर्क तुटला. दुपारी बातमी आली की हेलिकॉप्टर भूतानमध्ये सुखरूप उतरलं. गावाचं नाव दिलं होतं दापोरिजो. मी नकाशा काढून आमच्या वृत्तसंपादकांना दाखवला. म्हटलं, "साहेब, दापोरिजो भूतानात नाही, अरुणाचलमध्येच आहे, आणि तवांगपासून खूप लांब." ते म्हणाले, "एजन्सीने दिलंय ना? लाव." 'सुखरूप' हा शब्द लागला. ज्यांच्या घरची माणसं त्या हेलिकॉप्टरमध्ये होती, त्यांनी तो शब्द दिवसभर धरून ठेवला असेल. त्या मथळ्याचा राग माझ्या मनात आजही आहे. नंतर खुलासा छापून आला, तो आतल्या पानावर.

शोध पाच दिवस चालला. सुखोई उडाली, इस्रोच्या उपग्रहांनी छायाचित्रं काढली, सैन्याने डोंगर पिंजून काढले, भूताननेही मदत केली. ४ मे रोजी लुगुथांगच्या बाजूला अवशेष सापडले, ते गावकऱ्यांना. त्यांना कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. आपला डोंगर त्यांना पाठ होता, कुठल्या उतारावरचं झाड कालपर्यंत उभं होतं हे ते सांगू शकत होते.

२०१६ मध्ये चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ समुद्रात गेलं, २९ माणसांसह. त्यांत पुण्याकडचाही एक तरुण होता. विमानाचे अवशेष सापडल्याचं जाहीर व्हायला जानेवारी २०२४ उजाडला, सुमारे ३,४०० मीटर खोल तळाशी. ती कहाणी पाण्याची आहे. पण त्या साडेसात वर्षांत इथल्या एका घराने काय काढलं असेल, या विचाराने मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

आणि मग ३ जून २०१९. पुन्हा एएन-३२, पुन्हा मेचुका, पुन्हा १३ माणसं. विमान जोरहाटहून दुपारी १२.२७ ला उडालं. एक वाजता शेवटचा संपर्क झाला. पुढचे आठ दिवस मी रोज त्या बातमीपाशी बसून होतो. सुखोई, सी-१३० जे, हेलिकॉप्टरं, नौदलाचं पी-८ आय, लष्कराचे ड्रोन, इस्रोचे उपग्रह, सगळं कामाला लागलं. जून म्हणजे सियांगच्या डोंगरांत ढग हलतच नाहीत. खाली बांबूचं आणि झाडांचं रान इतकं दाट की वरून नुसता हिरवा थर दिसतो. विमानातला बीकन जुन्या पद्धतीचा होता, उपग्रहांनी २००९ पासून ऐकणं सोडलेल्या लहरींवरच तो ओरडणार होता, असं त्या दिवसांत बातम्यांत आलं. दहा वर्षांत एक बीकन बदलता आला नाही, हे वाचून मी पेपर खाली ठेवला.

गावकऱ्यांनी मोलो गावाच्या दिशेला डोंगरातून काळा धूर उठताना पाहिला होता. ही माहिती मुख्यमंत्री पेमा खांडू यांच्यापर्यंत गेली. हे दोरजी खांडूंचे चिरंजीव. वडिलांच्या शोधाचे पाच दिवस काढलेला मुलगा आता १३ घरांसाठी शोध घेत होता. ८ जूनला हवाई दलाने माहिती देणाऱ्यास पाच लाखांचं बक्षीस जाहीर केलं. ११ जूनला एमआय-१७ ला लिपोच्या उत्तरेला १६ किलोमीटरवर, सुमारे १२,००० फूट उंचीवर अवशेष दिसले. वाचलेलं कुणीच नव्हतं.

याच्यापुढचा भाग आपल्या वाहिन्यांनी सोडून दिला. १२ जूनला १५ जणांची तुकडी हेलिकॉप्टरने डोंगरावर उतरवली गेली. त्यांत हवाई दलाचे आणि लष्कराचे जवान होते, तसे स्थानिक लोकही होते. २० जूनपर्यंत त्यांनी १३ जणांचे अवशेष परत पाठवले. पण हवा बिघडली आणि ही माणसं स्वतःच वर अडकली. महिनाअखेर त्यांना खाली आणता आलं, जवळजवळ अडीच आठवड्यांनी. त्या दिवसांत पावसात, थंडीत, मृत्यूच्या शेजारी ते कसे राहिले यावर मी मराठीत एक धड लेख वाचलेला नाही.

त्यानंतरही काही बदललं नाही. २९ मे २०२२ ला नेपाळमध्ये पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं तारा एअरचं ट्विन ऑटर हरवलं. विमान १९७९ सालचं. आतल्या २२ जणांत ठाण्याचं चौघांचं एक कुटुंब होतं. शोधाची दिशा मिळाली ती वैमानिकाच्या मोबाइलवरून, आणि डोंगरातल्या लोकांनी दिलेल्या खबरीवरून. दुसऱ्या दिवशी मुस्तांगमध्ये सानोस्वारेला, साडेचौदा हजार फुटांवर, अवशेष सापडले. आपल्या वाहिन्यांनी त्या दिवशी मुख्यतः ठाण्यातल्या सोसायटीचं फाटक दाखवलं.

आता कुठलंही विमान गायब झालं की लोक फोनवरच्या अ‍ॅपमध्ये त्याचा तुटलेला मार्ग बघतात आणि शोध लागल्यासारखं बोलू लागतात. उपग्रहांचं मोल मी नाकारत नाही, बीकन वेळेवर बदलले असते तर कदाचित काही दिवस वाचले असते. पण बीकन बदलायला आपण दहा-दहा वर्षं लावतो, आणि ज्यांच्या पायांवर शेवटी सगळं येऊन थांबतं त्यांना तर कुठल्याच खर्चाच्या यादीत जागा नसते. सह्याद्रीत कड्यावर अडकलेला ट्रेकर खाली आणतात तेही गावातले ठाकर, महादेव कोळी आणि शहरातले स्वयंसेवक, बहुधा पदरमोड करून.

मेचुकाच्या वाटेवरच्या गावांतून वाटाड्यांची नोंद आजच करता येईल. त्यांना वायरलेस संच, विमा आणि वर्षभराचं मानधन देता येईल. धूर दिसला तर कुणाला कळवायचं, ते ठरवून देता येईल. २०१९ मध्ये पाच लाखांचं बक्षीस विमान हरवल्यानंतर पाच दिवसांनी जाहीर झालं. तेवढेच पैसे आधी त्या खोऱ्यात पोचले असते, तर १३ घरांचं आठ दिवसांचं वाट पाहणं कदाचित कमी झालं असतं.