जवळचा टॉवर, लांबचा सिग्नल

सोसायटीच्या सभेत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर तोंडपाठ झालंय: ‘टॉवर आपल्याच गच्चीवर, आणि आपल्याच घरात रेंज नाही!’ याच समजुतीचं दुसरं रूप बातम्यांत भेटतं: ‘फोन अमुक टॉवरवर होता, म्हणजे माणूस तिथेच होता.’ पहिल्यातून फार तर भांडण होतं. दुसऱ्यातून एखाद्यावर नाहक ठपका येऊ शकतो, म्हणून ही समजूत नीट तपासायला हवी.

गैरसमज : फोन सर्वात जवळच्या टॉवरला जोडलेला असतो.

वस्तुस्थिती : सेल, म्हणजे टॉवरवरच्या एका दिशेच्या अँटेनाचं क्षेत्र, निवडताना अंतर विचारातच घेतलं जात नाही. पाहिला जातो तो फोनपर्यंत पोहोचणारा सिग्नल, म्हणजे त्याचा जोर आणि त्याचा स्वच्छपणा.

आधी गच्चीचं बघू. टॉवरवरच्या उभ्या पट्ट्यांसारख्या अँटेना बॅटरीच्या झोतासारखा सिग्नल समोर, लांबवर फेकतात. बरोबर खालच्या मजल्यांना त्या झोताची फक्त कड मिळते, तीही स्लॅबमधून गाळून. शिवाय एका टॉवरवर बहुधा तीन दिशांना तोंड केलेल्या अँटेना असतात आणि प्रत्येक दिशा हा स्वतंत्र सेल असतो. टॉवरभोवती एक फेरी मारली, तर टॉवर तोच राहून सेल बदलू शकतो.

आता हार्बर लोकलमध्ये बसू. मानखुर्द मागे पडलं, गाडी खाडीपुलावर आली, फोनवर बोलणं चालू आहे. फोन आपल्या सेलबरोबर शेजारच्या सेलचे सिग्नलही सतत मोजतोय. समजा, मागचा सेल उणे ९५ डीबीएम आणि वाशीकडचा उणे ९६ (डीबीएम हे सिग्नलच्या जोराचं माप; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका जोर जास्त). थोडं पुढे गेल्यावर मागचा उणे ९७, पुढचा उणे ९५. पुढचा सरस झाला, मग लगेच बदलायचं का? नाही. खाडीच्या पाण्यावर अडथळा नसतो, दोन्ही काठांचे सिग्नल पोहोचतात आणि क्षणाक्षणाला वरखाली होतात. दर वेळी सेल बदलला, तर फोन दोन सेलमध्ये चेंडूसारखा टोलवला जाईल. इंजिनिअर याला ‘पिंगपाँग’च म्हणतात.

म्हणून दोन अटी घातलेल्या असतात. शेजारचा सेल ठरावीक फरकाने सरस हवा, समजा ३ डेसिबलने, म्हणजे दुप्पट ताकदीने. आणि ही आघाडी काही काळ टिकायला हवी. ज्यांना शंका असेल त्यांनी ४जीचं ३जीपीपी मानक ३६.३३१ उघडावं. या थांबण्याच्या वेळेसाठी त्यात शून्यापासून ५,१२० मिलिसेकंदांपर्यंतची मूल्यं दिली आहेत. ३२० मिलिसेकंद धरले, तर ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात सात मीटर पुढे जाते.

अटी पुऱ्या झाल्या की फोन अहवाल पाठवतो. निर्णय मात्र नेटवर्क घेतं. ते पुढच्या सेलमध्ये आधी जागा मिळवतं आणि मग फोनला हलायला सांगतं. यालाच हँडओव्हर म्हणतात. म्हणजे पूल ओलांडताना वाशीचा टॉवर जवळ आलेला असतो, तरी काही काळ तुम्ही मुद्दामच मागच्या सेलवर ठेवलेले असता. हा बिघाड नव्हे, तशी रचनाच आहे.

बिघडतं ते वेगळ्या ठिकाणी. आत अँटेना नसलेल्या बोगद्यात गाडी शिरली की सिग्नल काही क्षणांत कोसळतो. अहवाल जायच्या किंवा आदेश यायच्या आतच दुवा तुटतो आणि कॉल कट होतो.

आणखी काही समजुती:

‘सेल बदलताना बोलणं तुटतंच.’ ४जीतला खंड मिलिसेकंदांतच मोजण्याइतका असतो, कानाला सहसा कळतही नाही. ३जीत तर फोन एकाच वेळी दोन-तीन सेलना धरून राहू शकत असे.

‘वेगात हँडओव्हर जमत नाही.’ ४जीची आखणी ताशी ३५० किलोमीटर वेग धरून झाली आहे. आपल्या गाड्या त्याच्या जवळपासही नाहीत.

‘दांड्या पूर्ण, म्हणजे नेटवर्क उत्तम.’ किती सिग्नलला किती दांड्या हे प्रत्येक फोन कंपनी स्वतः ठरवते. गडमाथ्यावर लांबलांबचे सेल एकदम दिसतात आणि एकमेकांत मिसळतात. अशा वेळी दांड्या भरलेल्या दिसूनही कॉल तुटू शकतो.

‘कॉल तुटणारच, इलाज नाही.’ ट्रायच्या निकषानुसार तुटणाऱ्या कॉलचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत हवं. कंपनीला जाब विचारता येतो.

तक्रार करताना ‘टॉवर जवळ आहे’ हे सांगून उपयोग नाही. कोणत्या वळणावर, कोणत्या दिशेने जाताना, किती वाजता कॉल तुटला ते सांगा. कोणत्या दोन सेलमधलं हस्तांतर फसतंय, हे इंजिनिअरला त्यावरून शोधता येतं.

आणि ‘टॉवर लोकेशन’ची बातमी वाचताना एवढं लक्षात ठेवा: फोन कोणत्या सेलवर होता, एवढंच ती नोंद सांगते. जुन्या जीएसएममध्ये एका सेलचा पल्ला ३५ किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. त्या टापूत माणूस नेमका कुठे उभा होता, हे सिद्ध करायला दुसरा पुरावा लागतो.