ऊस कारखान्याला गेला, पालाशही गेला. रानाच्या खात्यात काय उरलं?

धुराडी पेटली की आपल्या भागात एकच हिशेब सुरू होतो. किती टन गेला, दर काय मिळाला, बिल कधी जमा होणार? निपाणी असो, चिक्कोडी असो की नदीपलीकडचं शिरोळ, प्रश्न तेच. पण त्याच ट्रॉलीतून रानातलं आणखी काहीतरी बाहेर जातं आणि त्याची पावती कोणताच कारखाना देत नाही. नत्र, स्फुरद आणि पालाश ही ती तीन नावं. गंधक, जस्त, लोह वगैरे किरकोळ खाती वेगळी.

उसाचं एक टन वाढताना पीक जमिनीतून साधारण दोन किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि दोन ते अडीच किलो पालाश उचलतं. जात, जमीन आणि पाणी यांनुसार हे आकडे खालीवर होतात. क्रम मात्र सहसा बदलत नाही. पालाश सगळ्यात पुढं किंवा नत्राच्या बरोबरीनं, आणि स्फुरद बरंच मागं. एकरी ४० टन ऊस धरला तर ८० किलो नत्र, २० किलो स्फुरद आणि ८० ते १०० किलो पालाश. ही झाली खर्चाची बाजू.

आता जमेची बाजू बघू. उदाहरणादाखल एक एकर रान घेऊ. शेतकऱ्यानं हंगामात युरियाची सहा पोती आणि डीएपीची दोन पोती टाकली. पोटॅश ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून राहिलं. युरियाचं पोतं ४५ किलोचं आणि त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे पोत्यामागं २० किलो ७०० ग्रॅम. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. बेरीज केली की नत्र १४२ किलो, स्फुरद ४६ किलो, पालाश शून्य.

कागदावर नत्र ६२ किलो शिल्लक दिसतं, पण ही शिल्लक बँकेतल्यासारखी नसते. नत्र काही हवेत उडून जातं, काही पाटपाण्याबरोबर खाली उतरतं. पिकाला मिळतं ते बऱ्याचदा टाकलेल्याच्या निम्मंही नसतं. जादा स्फुरद जमिनीतच राहतं, पण काळ्या रानात चुना त्याला धरून ठेवतो आणि तांबड्या रानात लोह व ॲल्युमिनियम. म्हणजे पैसे खात्यात आहेत, पण काढता येत नाहीत. पालाशच्या खात्यात तर जमाच नाही. दरवर्षी जुन्या ठेवीतून काढायचं आणि वाढलेल्या रानाकडं बघून खूश व्हायचं.

हे असं का होतं? शेतकऱ्याला कळत नाही म्हणून, असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. दुकानातला भाव बघा. युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना. केंद्र सरकारनं ती किंमत बांधून ठेवली आहे आणि बरीच वर्षं ती हललेली नाही. स्फुरद-पालाशच्या खतांना मात्र १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्याच्या किलोमागं ठरावीक अनुदान मिळतं, बाकी भाव बाजारावर. पोटॅश आपल्या देशात जवळपास सगळं परदेशातून येतं, त्यामुळं त्याचं पोतं दीड हजाराच्या घरात किंवा त्याच्याही वर असतं. त्या ५० किलोत ३० किलो पालाश. हिशेब केला तर नत्र पडतं किलोला १३ रुपयांच्या आत, पालाश ५० रुपये आणि वर. दोन एकरवाला माणूस उधारीवर खत उचलताना काय उचलणार? युरियानं आठ दिवसांत रान हिरवंगार दिसतं, पोटॅशचं काम डोळ्यांना दिसत नाही. त्यातून रान खंडानं केलेलं असेल तर विषयच संपला. यंदा टाकलेल्या पोटॅशचा फायदा पुढच्या वर्षी मालकाला जाणार असेल, तर खंडकरी ते का टाकेल?

आपल्या पट्ट्यात एक गंमत आणखी आहे. नदी एक, माती एक, उसाची जातही बऱ्याचदा एकच, पण खताची शिफारस दोन. महाराष्ट्रात सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद, ११५ किलो पालाश अशी शिफारस चालत आली आहे. उत्तर कर्नाटकात, धारवाड कृषी विद्यापीठाच्या क्षेत्रात, तीच २५०, ७५ आणि १९० अशी आहे. नत्र सारखंच, पण कर्नाटकाच्या शिफारशीत स्फुरद कमी आणि पालाश कितीतरी जास्त. एकराच्या भाषेत सांगायचं तर महाराष्ट्राच्या हिशेबानं चार पोती युरिया, दोन डीएपी, दीड पोटॅश. कर्नाटकाच्या हिशेबानं सव्वाचार पोती युरिया, सव्वा ते दीड डीएपी आणि अडीच पोटॅश. सीमेवरचा शेतकरी दोन्हीकडच्या मेळाव्यांना जातो, दोन्हीकडची पत्रकं घरी आणतो आणि शेवटी दुकानदार सांगेल ते टाकतो. यातली एक शिफारस चूक असं समजायचं कारण नाही. दोन्ही सरासरी आहेत, आणि सरासरी तुमच्या रानाला लागू पडते की नाही हे माती तपासल्याशिवाय कळत नाही.

माती तपासणी म्हटलं की मृदा आरोग्य पत्रिका आली. केंद्राची ही योजना २०१५ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. पत्रिकेवर बारा गोष्टी असतात. पण पहिल्या फेऱ्यांत नमुना घ्यायची पद्धत काय होती? बागायती भागात अडीच हेक्टरांच्या चौकटीला एक नमुना, जिरायतीत दहा हेक्टरांना एक. अडीच हेक्टर म्हणजे सव्वासहा एकर. आपल्याकडं तेवढ्यात तीन-चार भावकींची रानं बसतात. एकाच्या रानात कोंबडखत पडतंय, दुसऱ्याच्या रानातलं पाचट दरवर्षी पेटतंय, आणि पत्रिका सगळ्यांना एकच. तेव्हा घरात ती जुनी पत्रिका असेल तर तिच्यावरचा नमुना कुठला होता हे आधी बघा. शेजाऱ्याच्या रक्त तपासणीवर आपण औषध घेत नाही.

दुसरी अडचण भाषेची. बेळगाव जिल्ह्यात पत्रिका कन्नडमध्ये हाती येते आणि पुष्कळ घरांत ती तशीच कपाटात जाते. म्हणून काही शब्द इथं देतो. ‘मण्णु’ म्हणजे माती. ‘सारजनक’ म्हणजे नत्र. ‘रंजक’ म्हणजे स्फुरद. वाचून करमणूक वाटेल, पण अर्थ तोच. पालाशला ‘पोट्यॅश’च म्हणतात. ‘सावयव इंगाल’ म्हणजे सेंद्रिय कर्ब, ‘रससार’ म्हणजे सामू, ‘सतु’ म्हणजे जस्त, ‘कब्बिण’ म्हणजे लोखंड. गंधक तिकडंही गंधकच. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर कमी, ०.७५ च्या वर असेल तर चांगला. सामू साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असेल तर बहुतेक अन्नद्रव्यं पिकाला सहज मिळतात.

पालाशच्या आकड्याकडं मात्र जरा सावधपणे बघा. अथणी, रायबाग, चिक्कोडी भागातल्या काळ्या जमिनीत पालाशचा मूळ साठा मोठा असतो. त्यामुळं पत्रिकेवर ‘जास्त’ असं येतं आणि पोटॅश न टाकताही काही वर्षं ऊस चांगला येतो. ते खोटं नाही. पण ४० टनांमागं जाणारे ८०-१०० किलो कुठून तरी जातातच, आणि चिकणमातीच्या थरांत अडकलेला साठा हळूहळू सुटतो, पिकाच्या घाईनं नाही. जुन्या पानांच्या कडा आणि शेंडे करपायला लागले, की ठेव आटत चालल्याची शंका घ्यावी. खानापूर-चंदगडकडच्या तांबड्या, जांभ्या जमिनीत ही ठेव मुळातच लहान. तिथं पावसानं चुना-पालाश धुऊन जातात आणि माती आंबट होते. सामू साडेपाचच्या खाली असेल तर आधी चुन्याचं बघावं लागतं, नाहीतर टाकलेलं स्फुरद लोह-ॲल्युमिनियमच्या हवाली होतं.

कृष्णाकाठच्या खारावलेल्या रानांचं गणित आणखी वेगळं. तिथं कमतरता खताची नसते, पाण्याच्या निचऱ्याची असते. क्षार वाढले की चार पोती जास्त टाकून ऊस वाढत नाही, उलट आणखी बसतो. चर किंवा पाइपचा निचरा करावा लागतो, आणि दोन एकरवाल्याला तो एकट्यानं करता येत नाही. पाणी शेवटी शेजाऱ्याच्याच रानातून ओढ्याला जाणार. त्यासाठी आधी भावकी एका ठिकाणी बसायला हवी, आणि ते खतापेक्षा अवघड.

आता गेलेलं परत आणायचे रस्ते. उसानं उचललेलं सगळंच कारखान्याला जात नाही. बराच भाग पाचटात आणि वाड्यात असतो. वाडं जनावरांना गेलं आणि शेण परत रानात आलं तर चांगलं, पण ते तोडणीवाल्यांकडून विकलं गेलं की त्यातला पालाशही गेला. पाचट एकरी तीन-चार टन निघतं. ते पेटवलं की नत्र आणि गंधक बरंचसं धुरात जातं. पालाश राखेत राहतो, पण राख वारा नेतो आणि सेंद्रिय कर्ब जळतो तो वेगळाच. पेटवण्याऐवजी सरीत बसवायचं असेल तर टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू संवर्धक अशी शिफारस आहे. युरिया एवढ्यासाठी, की पाचट कुजवणारे जिवाणू स्वतःसाठी नत्र ओढतात. ते वरून दिलं नाही तर खोडवा पिवळा पडतो आणि दोष पाचटावर येतो.

कारखान्यात गेलेल्या पालाशचं काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. तो साखरेत जात नाही. काळ्या मळीत, म्हणजे मोलॅसिसमध्ये उतरतो, आणि डिस्टिलरीत तिची दारू किंवा इथेनॉल झालं की उरलेल्या सांडपाण्यात जमा होतो. ते आटवून, जाळून त्याच्या राखेपासून पोटॅश खत करतात. त्यात साडेचौदा टक्के पालाश असतो आणि २०२१ पासून केंद्रानं त्यालाही अनुदान लावलं आहे. म्हणजे आपल्याच रानातून गेलेला पालाश पोत्यात भरून परत विकत मिळतो. सभासदांनी वार्षिक सभेत साखरेच्या दरासोबत हाही प्रश्न विचारायला हरकत नाही: आमच्या उसातला पालाश कुठं जातो, आणि सभासदाला तो कोणत्या भावानं मिळतो? प्रेसमड बरेच कारखाने देतात. त्यात स्फुरद आणि सेंद्रिय कर्ब चांगलं असतं, पालाशची भरपाई मात्र त्यानं होत नाही.

नमुना घ्यायची वेळ म्हणजे ऊस तुटून गेल्यावर, खोडव्याला पहिलं खत पडायच्या आधी. बांध, उकिरड्याची जागा, झाडाखालची सावली सोडून रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल ‘व्ही’ आकाराचा खड्डा घ्यायचा. त्याच्या कडेची माती प्लास्टिकच्या घमेल्यात जमा करायची. लोखंडी घमेल्यानं लोहाचा आकडा फुगू शकतो. सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करायचं. सावलीत वाळवून गट नंबर, आधीचं पीक आणि टाकलेली पोती लिहून पिशवीत ठेवायची. होबळीच्या रैत संपर्क केंद्रात चौकशी करा. जिल्ह्यात मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत. तांबडं आणि काळं रान एकाच गटात असेल तर पिशव्या दोन करा. पत्रिकेवरचे आकडे हेक्टरी असतात, त्यांना अडीचनं भागलं की एकराचे होतात.