मालक सरकार, गिऱ्हाईक सरकार

पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात सुमारे 139 टन घन इंधन भरतात. ते ज्या 2.8 मीटर व्यासाच्या पोलादी नळकांड्यांत भरलं जातं, ती घडवण्याचं काम इंदापूर तालुक्यात, कळंबजवळच्या वालचंदनगरात वर्षानुवर्षं चालत आलं आहे. भोवताली ऊस, जवळून नीरा वाहते, आणि बारामतीहून तासाभरात पोहोचता येतं. साखर कारखान्याची यंत्रं बनवणारं हे गाव अवकाशाच्या कामात कसं शिरलं, याचं उत्तर निव्वळ कर्तबगारीत शोधायला गेलं तर अर्धंच हाती लागतं. उरलेलं अर्धं उत्तर सरकारी धोरणात आहे.

सोलापुरात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी नीरा डाव्या कालव्याच्या टापूत सलग शेती उभी केली आणि 1930च्या दशकात तिथंच साखर कारखाना काढला. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन आणि बंगळूरची हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपन्यांमागेही हाच माणूस होता. कारखाना चालवायचा तर दुरुस्ती आलीच. दुरुस्तीतून सुटे भाग, सुट्या भागांतून यंत्रं, आणि पुढे साखर कारखानेच बांधून देण्यापर्यंत मजल गेली. उसाचा चरक फिरवायला दणकट गिअर लागतात, वाफेला बॉयलर लागतो. गिअर कापणारे हात पुढे नौदलाच्या जहाजांच्या गिअरबॉक्सकडे वळले. दाब झेलणारी भांडी जोडणारे हात अणुभट्ट्यांच्या आणि रॉकेटच्या कामाला लागले.

नियोजित अर्थव्यवस्थेचा हात या गावावर दोनदा पडला. पहिल्यांदा जमिनीवर. 1961च्या कमाल जमीनधारणा कायद्यानं साखर कारखान्यांची शेती काढून घेतली आणि 1963 साली ती शेती महामंडळाकडे गेली. वालचंदनगर आणि शेजारचं रत्नपुरी हे महामंडळाचे मळे झाले. रशियातल्या सरकारी शेतीचीच ही धाकटी भावंडं. इथं सरकार मालक होतं. महामंडळ पुढं तोट्यात रुतलं. ज्यांच्या वाडवडिलांनी कारखान्याला खंडानं जमिनी दिल्या होत्या, ते खंडकरी शेतकरी अनेक दशकं लढले. 2012च्या सुमारास कायदा बदलला, तेव्हा जमीन परत मिळण्याची वाट मोकळी झाली.

दुसऱ्यांदा हात पडला तो कारखान्यावर, आणि इथं सरकार गिऱ्हाईक म्हणून आलं. सतीश धवन 1972 ते 1984 इस्रोचे अध्यक्ष होते. सगळं इस्रोच्या आवारातच बनवायचं नाही, बाहेरच्या कारखान्यांना शिकवायचं आणि त्यांच्याकडून करून घ्यायचं, असा त्यांचा आग्रह होता. वालचंदनगर एसएलव्ही-3पासून या कामात आहे. ते रॉकेट 10 ऑगस्ट 1979 रोजी फसलं आणि 18 जुलै 1980 रोजी यशस्वी झालं. पीएसएलव्हीचंही पहिलं उड्डाण सप्टेंबर 1993 मध्ये फसलं, दुसरं ऑक्टोबर 1994 मध्ये साधलं. अपयशानंतरही गिऱ्हाईक उठून गेलं नाही, ही या गोष्टीतली सगळ्यात मोलाची बाब.

हे काम किती नाजूक आहे ते पोलादापासूनच कळतं. हे मॅरेजिंग पोलाद. कार्बन नावापुरता, निकेल सुमारे 18 टक्के, जोडीला कोबाल्ट, मॉलिब्डेनम, टायटॅनियम. आधी ते तुलनेनं मऊ असतं, म्हणून वळवता येतं, जोडता येतं. मग 480 अंशांच्या आसपास काही तास भट्टीत मुरवलं की त्याला खरी ताकद येते. मुरताना माप किंचित आकसतं. त्या आकसण्याचा हिशेब कातकामाच्या आधीच धरावा लागतो, कारण एकदा कठीण झालेल्या नळकांड्याचं माप चुकलेलं निघालं तर सुधारायला फारशी जागा उरत नाही. प्रत्येक वेल्डचा एक्स-रे निघतो, पाणी भरून दाबाची चाचणी होते. तुकडे एकमेकांना जोडतात ते खाचेत जीभ बसवून, मध्ये रबरी ओ-रिंग घालून. अशाच सांध्यातली ओ-रिंग थंडीनं ताठरली आणि 28 जानेवारी 1986 रोजी अमेरिकेचं चॅलेंजर यान सात जणांसह गेलं.

हे ज्ञान फक्त वेल्डरच्या हातात असून भागत नाही. कोणतं माप मागायचं, कुठला जोड नापास करायचा, किती चूक खपवून घ्यायची, हे मागणाऱ्यालाही कळावं लागतं. दिल्लीत 1958चा विज्ञान धोरण ठराव झाला, 1983चं तंत्रज्ञान धोरण आलं, 2003 आणि 2013 मध्ये आणखी दोन आली. धोरणाचं जाणतेपण मात्र रुजलं ते नकाशा घेऊन कारखान्यात उभं राहणाऱ्या तपासनिसांमध्ये.

पूर्व युरोपात 1989नंतर काय झालं ते याच्या शेजारी ठेवून पाहावं. तिथल्या उपयोजित संशोधन संस्था सरकारी मागणीवर जगत होत्या. सरकारी कारखाने विकले गेले, मागणी थांबली, आणि कित्येक संस्था बंद पडल्या किंवा रोडावल्या. पुढे युरोपीय संघाचा निधी आला, पण नेमकं काय मागावं हे जाणणारी माणसं तोवर पांगली होती. रशियातही तेव्हा अशीच पडझड झाली, आणि तिची झळ आपल्यालाही लागली. क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान देण्याचा 1991चा करार रशियानं अमेरिकेच्या दबावाखाली 1993 मध्ये फिरवला. इंजिनं मिळाली, विद्या मिळाली नाही. देशी क्रायोजेनिक टप्प्याचं जीएसएलव्ही उड्डाण यशस्वी व्हायला 5 जानेवारी 2014 उजाडलं.

वालचंदनगरचं सगळं गोडच आहे असं नाही. वर्षाकाठी मोजकी रॉकेटं उडतात, नगांची संख्या तुटपुंजी, आणि तेवढ्यावर एवढा मोठा कारखाना चालत नाही. अलीकडे हा कारखाना चालवणाऱ्या कंपनीनं तोट्याची वर्षंही पाहिली. 2020 मध्ये अवकाश क्षेत्र खाजगी उद्योगाला खुलं झालं. 2022 मध्ये पाच पीएसएलव्ही बांधण्याचं काम हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि एल अँड टी यांच्याकडे गेलं. म्हणजे गिऱ्हाईकाची जागाही हळूहळू बदलते आहे.

शेजारच्या बारामतीत, शेतीच्या विज्ञानाला जाणतं गिऱ्हाईक मिळण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. आप्पासाहेब पवारांनी 1971 साली सुरू केलेला कृषी विकास ट्रस्ट, त्याचं कृषी विज्ञान केंद्र, माळेगाव खुर्दच्या खडकाळ माळावर 2009 साली उभी राहिलेली अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था, आणि अलीकडे ऑक्सफर्ड व मायक्रोसॉफ्टच्या सहकार्यानं उसात चाललेला कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग. विज्ञानाची इथं वाण नाही. पण इथलं गिऱ्हाईक म्हणजे दोन-चार एकरांचा शेतकरी. नवं वाण किंवा सेन्सर फसला तर दुसऱ्या प्रयत्नाचा खर्च सोसण्याची त्याची ऐपत नसते, आणि मालाचं माप ठरवून देणारा तपासनीसही त्याच्याकडे नसतो. इस्रोनं वालचंदनगरात जे केलं, ते शेतकऱ्याच्या वतीनं करणारं जाणतं खातं राज्याला उभारावं लागेल: मागणी नेमकी मांडणारं, माल पारखून घेणारं, आणि पहिलं उड्डाण फसलं तरी दुसऱ्याचे पैसे देणारं. शेती महामंडळाच्या रूपानं सरकार इथं मालक होऊन पाहिलंच आहे.